लिनक्स चालू व्हायला वेळ लागतोय, आवाज येत नाही: नवीन लोकांनी कुठून बघायला सुरुवात करायची

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून ओळखीतले बरेच जण जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकायला लागलेत. चांगली गोष्ट आहे, सात-आठ वर्षांचं धडधाकट मशीन भंगारात घालण्यापेक्षा हे कधीही बरं. पण महिन्याभरात दोन तक्रारी हमखास येतात, एक म्हणजे चालू व्हायला फार वेळ लागतो आणि दुसरी म्हणजे आवाजच येत नाही, आला तर फाटका येतो.

आमच्या शेजारच्या काकूंच्या लॅपटॉपला दोन्ही दुखणी एकदमच झाली होती. काकू निवृत्त शिक्षिका, सकाळी अभंग लावतात आणि रात्री पुण्यातल्या नातवाशी व्हिडिओ कॉल. त्या म्हणाल्या, "अरे, बटण दाबते, चहा टाकते, चहा होतो तरी हा उघडलेला नसतो, आणि उघडला की मुका." त्याच मशीनवर काय काय केलं ते क्रमाने सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या मशीनवर करून बघता येईल. मशीनवर मिंट २२ होतं, पण उबंटू, डेबियन, फेडोरा असं लिनक्सचं दुसरं काहीही असलं तरी बहुतेक सगळं तसंच लागू पडतं, जिथे फरक आहे तिथे सांगेन.

कमांड मी देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. स्पेलिंगची भीती वाटली तर पहिली चार-पाच अक्षरं टाइप करून टॅबची की दाबा, एकच शक्यता असेल तर उरलेलं नाव आपोआप पूर्ण होतं, आणि जास्त शक्यता असतील तर दोनदा टॅब दाबल्यावर यादी येते. ही सवय लागली की निम्म्या चुका तिथेच थांबतात.

आणि काहीही बदलायच्या आधी टाइमशिफ्ट उघडून एक स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टमची आत्ताची प्रत, घ्या, बिघडलं तर तिच्यावर परत जाता येतं. मिंटमध्ये ते आधीपासून असतं. दहा मिनिटं जातील, जाऊ देत. शेजारी वही ठेवा आणि काय बदललं, कधी बदललं ते लिहा, एका वेळी एकच बदल करायचा आणि रिस्टार्ट करून बघायचं. काकूंच्या मशीनवर आधी कोणीतरी व्हिडिओ बघून एकाच बैठकीत पंधरा गोष्टी बंद केल्या होत्या, त्यातल्या कोणत्या एकीमुळे आवाज गेला हे शोधायलाच माझा अर्धा दिवस गेला.

आधी वेळ मोजा

टर्मिनल उघडा आणि 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ' टाइप करा. सिस्टमडी सलग लिहायचं, मग डॅश, आणि अ‍ॅनालाइझमध्ये शेवटी झेड-ई आहे, एस नाही. एका ओळीत हिशोब येतो. नवीन यूईएफआयवालं मशीन असेल तर फर्मवेअर (मशीन जागं करणारं यूईएफआय किंवा बायोस), लोडर (लिनक्स उचलणारा), कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि युजरस्पेस (त्यावर चालणारं बाकी सगळं) असे चार आकडे दिसतात, जुनं बायोसवालं असेल तर शेवटचे दोनच.

हे आकडे नीट बघा कारण पुढचा सगळा रस्ता यावरून ठरतो. फर्मवेअरलाच वीस सेकंद लागत असतील तर लिनक्स अजून चालूच झालेलं नाही, बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क बूट बंद करा, बूट ऑर्डरमध्ये तुमची डिस्क सगळ्यात वर आणा. लोडरचा आकडा मोठा असेल तर बहुतेक वेळा ग्रबचा, म्हणजे कोणती सिस्टम चालू करायची ते विचारणाऱ्या लोडरचा, मेनू तुमची वाट बघत थांबलेला असतो, तो किती सेकंद थांबतो ते ईटीसी, डिफॉल्ट, ग्रब (पत्ता लिहिताना प्रत्येक नावाआधी तिरकी रेघ) या फाइलमध्ये ग्रब-टाइमआउटच्या ओळीत असतं, कमी करून मिंट, उबंटू, डेबियनवर 'सुडो अपडेट-ग्रब' चालवायचं, सुडो म्हणजे ती कमांड रूटच्या, म्हणजे मुख्य मालकाच्या, अधिकाराने चालते. अगदी शून्य करू नका, दोन-तीन सेकंद ठेवा, कधी जुन्या कर्नलवर जायची वेळ आली तर तो मेनू लागतो.

काकूंच्या मशीनवर कर्नल ३४ सेकंद आणि युजरस्पेस १ मिनिट ४८ सेकंद आलं. एसएसडी असलेल्या मशीनवर हे आकडे बरोबर नाहीत, कर्नल पाच-सात सेकंदांत आटपायला हवा.

पुढची कमांड 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम'. कोणत्या सर्व्हिसला, म्हणजे मागे चालणाऱ्या प्रोग्रामला, किती वेळ लागला त्याची यादी येते, सगळ्यात जास्त वेळवाली वर. आता इथेच नव्या लोकांची गफलत होते. यादीत वर दिसतंय म्हणजे गुन्हेगार असं नाही, कारण सर्व्हिसेस एकाच वेळी समांतर चालू होत असतात, एखादी वीस सेकंद घेत असेल पण तिच्यासाठी कोणीच थांबलेलं नसेल. प्लायमाउथ-क्विट-वेट हे नाव वर दिसतं आणि लोक घाबरतात, ते तर फक्त बूटचं चित्र हटायची वाट बघत असतं, त्याला हात लावायचं काही कारण नाही. खरं कोण कोणासाठी खोळंबलं ते 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ क्रिटिकल-चेन' दाखवतं, त्यात अधिकच्या चिन्हापुढचा आकडा त्या सर्व्हिसला लागलेला वेळ आणि अ‍ॅटच्या चिन्हापुढचा आकडा ती कितव्या सेकंदाला चालू झाली तो.

नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन हे मात्र खरंच बघण्यासारखं. वायफाय जोडलं जाईपर्यंत ते थांबून राहतं. घरच्या लॅपटॉपवर बूट होतानाच नेटवर्कवरचा ड्राइव्ह जोडायचा नसेल तर त्याची गरज नाही, 'सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल' आणि पुढे त्या सर्व्हिसचं पूर्ण नाव, एवढंच. वायफाय बंद पडत नाही, फक्त त्याच्यासाठी थांबणं बंद होतं.

ती दीड मिनिटं

काकूंच्या ब्लेमच्या यादीत सगळ्यात वरची सर्व्हिस सात सेकंदांची होती. मग पावणेदोन मिनिटं गेली कुठे? जे चालूच झालं नाही, वाट बघून बघून सोडून दिलं, ते ब्लेममध्ये येतच नाही. म्हणून रिस्टार्ट केलं आणि मिंटचा लोगो दिसल्याबरोबर एस्केप दाबलं. लोगो गेला, काळ्या पडद्यावर मजकूर आला, आणि खाली लाल चांदण्या इकडून तिकडे सरकतायत, पुढे लिहिलंय 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर', मग डिस्कचा लांबलचक नंबर, आणि शेवटी घड्याळ, १२ सेकंद, १३ सेकंद, आणि तिरकी रेघ मारून १ मिनिट ३० सेकंद. ते दीड मिनिट म्हणजे सिस्टमडीची, बूट होताना सगळं चालू करणाऱ्या प्रोग्रामची, ठरलेली मुदत. एखादी डिस्क सापडली नाही तर तेवढा वेळ वाट बघायची आणि मग पुढे जायचं.

हे दिसलं की नव्व्याण्णव टक्के भानगड एफएसटॅबमध्ये असते. ईटीसी फोल्डरमधली ही फाइल, बूट होताना कोणकोणती पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, जोडायची त्याची यादी. प्रत्येक पार्टिशनला यूयूआयडी नावाचा लांब नंबर असतो आणि पार्टिशन फॉरमॅट केलं की तो बदलतो. काकूंच्या भाच्याने मध्ये एकदा शेजारी दुसरं लिनक्स टाकून बघितलं, त्या इन्स्टॉलरने स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायची जागा) पुन्हा फॉरमॅट केलं, नंबर बदलला, आणि मिंट बिचारं रोज जुन्या नंबराची वाट बघत बसलं.

तपासायचं कसं, तर 'सुडो बीएलकेआयडी' चालवा, आत्ता खरे नंबर काय आहेत ते येतील. मग 'कॅट' आणि फाइलचा पत्ता देऊन एफएसटॅब बघा. दोन्ही शेजारी ठेवून एकेक नंबर जुळवा, पहिले चार आणि शेवटचे चार आकडे बघितले तरी कळतं. न जुळणारा सापडला की आधी 'सुडो सीपी' ने फाइलची कॉपी करून ठेवा, मग 'सुडो नॅनो' ने उघडून तो नंबर दुरुस्त करा, किंवा ते पार्टिशन आता नकोच असेल तर ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका. सेव्ह करून बाहेर पडायला कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. लगेच रिस्टार्ट करू नका, आधी 'सुडो फाइंडएमएनटी' आणि पुढे दोन डॅश लावून 'व्हेरिफाय' चालवा, फाइलमध्ये चूक राहिली असेल तर ते सांगतं. रूटच्या ओळीला मात्र, म्हणजे नुसती तिरकी रेघ असलेल्या ओळीला, अजिबात हात लावू नका.

स्वॅप सापडला नाही तर मशीन दीड मिनिटाने का होईना चालू होतं. पण डेटाची जास्तीची डिस्क एफएसटॅबमध्ये असेल आणि ती काढून टाकली असेल तर सिस्टम थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबते, आणि नवखा माणूस समजतो सगळं गेलं. काही गेलेलं नसतं. अशा डिस्कच्या ओळीत ऑप्शनच्या रकान्यात स्वल्पविराम देऊन 'नोफेल' लिहून ठेवा, मग ती असो नसो, बूट अडत नाही.

आता राहिले कर्नलचे ३४ सेकंद. मिंट, उबंटू, डेबियनवर सुरुवातीच्या छोट्या सिस्टमचा, म्हणजे इनिटरॅमएफएसचा वेळही कर्नलच्या आकड्यातच धरला जातो, आणि ते पण त्याच जुन्या स्वॅपला शोधत होतं, मशीन हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून बंद, झालं होतं का बघायला. साधारण अर्धा मिनिट शोधतं आणि सोडतं. ईटीसी, इनिटरॅमएफएस-टूल्स, कॉन्फ-डॉट-डी या फोल्डरमध्ये रिझ्यूम नावाची फाइल असेल तर तिच्यात जुना नंबर असतो, तो बदला, नाहीतर हायबरनेट वापरत नसाल तर कॅपिटल अक्षरांत रिझ्यूम, बरोबरचं चिन्ह, आणि स्मॉलमध्ये नन असं लिहा. फाइल नसेल तर बनवा. मग 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस' आणि डॅश यू, हे विसरलात तर बदल लागूच होत नाही.

रिस्टार्ट केल्यावर कर्नल ५ सेकंद, युजरस्पेस १६ सेकंद. काकू चहाचं आधण ठेवायला वळल्या आणि डेस्कटॉप आला.

डिस्क फिरणारी असेल तर

तुमच्या ब्लेमच्या यादीत मात्र एक कोणी मोठं नाही, सगळ्याच सर्व्हिसेस पाच-सात सेकंद घेतायत असं दिसलं तर सर्व्हिसेस बंद करत बसू नका. 'एलएसबीएलके, डॅश डी, डॅश ओ' आणि पुढे 'नेम, रोटा' मध्ये स्वल्पविराम देऊन जागा न सोडता लिहा. रोटाच्या खाली १ आलं तर डिस्क फिरणारी हार्ड डिस्क आहे, ० आलं तर एसएसडी. फिरणाऱ्या डिस्कवर आजचा डेस्कटॉप हळूच चालू होणार, तिथे साधी अडीच इंची साटा एसएसडी बसवणं हाच खरा इलाज आहे, आणि जुन्या मशीनवर पैसे खर्च करायचेच असतील तर रॅमच्याही आधी मी एसएसडीच घ्यायला सांगतो.

पूर्वी पटकन चालू होणारी हार्ड डिस्क अचानक रेंगाळायला लागली असेल तर गोष्ट वेगळी. मेनूतून डिस्क्स नावाचं अ‍ॅप उघडा, वरच्या तीन ठिपक्यांत स्मार्ट डेटा बघा. रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळी. तिथे शून्य नसेल आणि आकडा वाढत असेल तर बाकी सगळं सोडा, आज, आत्ता फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप घ्या. बूटचा वेळ नंतर बघू.

आणि लॉगिन झाल्यावर जो वेळ लागतो तो या सगळ्या आकड्यांत नसतोच. त्यासाठी मेनूतलं स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्स उघडा, नको ते बंद करा, हवं असेल पण लगेच नको असेल त्याला वीस-तीस सेकंदांचा डिले द्या, सिनॅमन या मिंटच्या डेस्कटॉपमध्ये ती सोय आहे.

आता आवाज

आवाजाचं काम दोन मजल्यांचं आहे हे एकदा डोक्यात बसलं की गोंधळ होत नाही. खालच्या मजल्यावर कर्नलमधलं अल्सा, ते साउंड कार्डाशी बोलतं. वरच्या मजल्यावर साउंड सर्व्हर, जो ब्राउझर, प्लेअर, कॉलचं अ‍ॅप या सगळ्यांचे आवाज गोळा करून खाली पाठवतो. हा सर्व्हर आधी पल्सऑडिओ असायचा, आता पाइपवायर असतो. फेडोराने २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीत बदल केला, उबंटूने २०२२ मध्ये २२.१० ला, मिंटने २०२४ मध्ये २२ ला. म्हणून एखादा जुना उपाय सापडला आणि त्यात पल्सऑडिओ पुन्हा इन्स्टॉल करा असं लिहिलं असेल तर थांबा, 'पीएसीटीएल इन्फो' चालवा आणि सर्व्हर नेमची ओळ वाचा. तिथे कंसात ऑन पाइपवायर असं आलं तर तुमच्याकडे पाइपवायर आहे आणि तो उपाय तुमच्यासाठी नाही.

त्याच्याही आधी साध्या गोष्टी बघा, हसू नका, यातच निम्मे प्रश्न सुटतात. की-बोर्डवरच्या म्यूटच्या कीचा दिवा, ब्राउझरचा तो टॅबच म्यूट आहे का, आणि साउंड सेटिंगमध्ये आउटपुट कोणतं निवडलंय. टीव्हीला एकदा एचडीएमआय लावून काढली की कधीकधी आउटपुट तिथेच अडकतं, आवाज चालू असतो पण नसलेल्या टीव्हीला जात असतो. स्पीकर निवडा, टेस्ट साउंड दाबा.

तरी नाही आला तर खालचा मजला तपासा. 'एप्ले' आणि डॅश, स्मॉल एल. कार्ड ०, कार्ड १ अशी यादी आली तर कर्नलला कार्ड दिसतंय, म्हणजे दोष मिक्सरमध्ये किंवा वरच्या मजल्यावर. यादीच आली नाही आणि सेटिंगमध्ये नुसतं डमी आउटपुट दिसतंय तर दोष खाली.

कार्ड दिसत असेल तर 'अल्सामिक्सर' चालवा. टर्मिनलमध्येच उभ्या पट्ट्या दिसतात. सुरुवातीला एकच पट्टी दिसेल, ती सर्व्हरची असते, एफ६ दाबून खरं कार्ड निवडा, मग मास्टर, हेडफोन, स्पीकर अशा सगळ्या येतात. प्रत्येक पट्टीच्या पायाशी छोटा चौकोन असतो, त्यात दोन शून्यांसारखे हिरवे ओ असतील तर चालू, दोन एम असतील तर म्यूट. बाणाने त्या पट्टीवर जा, एम दाबा, वरच्या बाणाने वाढवा. शेवटी ऑटो-म्यूट मोड असं काही दिसलं तर ते बंद करून बघा, हेडफोनची पिन ढिली झालेल्या लॅपटॉपवर मशीनला कायम हेडफोन लावल्यासारखंच वाटतं आणि स्पीकर गप्प. एस्केपने बाहेर, आणि 'सुडो अल्सासीटीएल स्टोअर' म्हणजे ते जपून राहतं.

मिक्सर ठीक असेल तर वरचा मजला पुन्हा चालू करा: 'सिस्टमसीटीएल', दोन डॅश लावून 'युजर', 'रीस्टार्ट', आणि पुढे 'पाइपवायर', 'पाइपवायर-पल्स', 'वायरप्लंबर'. इथे सुडो लावायचं नाही, हे लक्षात ठेवाच, या सर्व्हिसेस तुमच्या लॉगिनच्या आहेत, रूटच्या नाहीत. मिंट २१ वर असाल तर तिथे पल्सऑडिओ आहे, त्याला 'पल्सऑडिओ' डॅश के पुरतं.

काकूंच्या मशीनवर इथेच उत्तर सापडलं. रीस्टार्टच्या कमांडने ती सर्व्हिस मास्क्ड आहे असं सांगितलं. म्हणजे बूट लवकर व्हावं म्हणून ज्याने पंधरा गोष्टी बंद केल्या त्याने पाइपवायरपण बंद करून टाकलं होतं, आणि मास्क केलेली सर्व्हिस काही केलं तरी चालू होत नाही. गंमत बघा, पाइपवायर लॉगिन झाल्यावर चालू होतं, त्याचा बूटच्या वेळेशी संबंधच नाही, एक सेकंदही वाचला नसणार. उपाय सोपा: 'सिस्टमसीटीएल', दोन डॅश 'युजर', 'अनमास्क', पुढे 'पाइपवायर' आणि 'पाइपवायर-पल्स' या दोघांचे डॉट-सर्व्हिस आणि डॉट-सॉकेट, शिवाय 'वायरप्लंबर'. मग अनमास्कच्या जागी 'इनेबल' आणि दोन डॅश 'नाऊ'. टेस्टचं बटण दाबल्यावर डाव्या स्पीकरमधून फ्रंट लेफ्ट ऐकू आलं आणि काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

खालच्या मजल्यावर दोष असेल, म्हणजे एप्लेला कार्डच दिसत नसेल, तर आधी आठवा की नुकताच अपडेट झाला होता का. झाला असेल तर बूट होताना एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट, दाबून ग्रबचा मेनू आणा, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. आवाज आला तर दोष नव्या कर्नलचा, पुढचा अपडेट येईपर्यंत जुन्यावर राहा. नवीन इंटेल लॅपटॉपवर एसओएफ नावाचं फर्मवेअर लागतं, 'सुडो डीएमईएसजी' ची यादी काढून त्यात एसओएफच्या ओळींत फर्मवेअर सापडलं नाही असं दिसलं तर डेबियनवर 'फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड' आणि फेडोरावर 'अल्सा-एसओएफ-फर्मवेअर' हे पॅकेज टाका. आणि शेजारी विंडोज असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज मशीन पूर्ण बंद करतच नाही, आणि कधीकधी साउंड कार्ड अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हातात येतं.

आवाज येतो पण प्रत्येक वेळी सुरुवातीला टक् असा होतो, तर ते वीज वाचवायला कार्ड झोपतं त्याचं आहे. ईटीसी, मॉडप्रोब-डॉट-डी मध्ये डॉट-कॉन्फ शेवट असलेली एक फाइल बनवून 'ऑप्शन्स', 'एसएनडी-एचडीए-इंटेल', 'पॉवर-सेव्ह बरोबर ०' ही ओळ टाका, नावांतल्या डॅशच्या जागी अंडरस्कोअर. बॅटरी थोडी जास्त जाईल. सतत चरचर होत असेल तर 'पीडब्ल्यू-टॉप' उघडून ईआरआरचा रकाना वाढतोय का बघा, वाढत असेल तर मशीनला वेळेत आवाज पुरवणं जमत नाहीये, मागे चालू असलेली जड कामं बंद करून पुन्हा बघा.

ब्लूटूथ हेडफोनवर कॉल लागला की गाणं डब्यातून आल्यासारखं होतं, तो बिघाड नाही. नुसतं ऐकताना एटूडीपी प्रोफाइल असतो, माइक लागला की हेडसेट प्रोफाइलवर जावं लागतं आणि त्यात दर्जा पडतो. कॉलला लॅपटॉपचा माइक निवडा, हेडफोनचा नको, आवाज चांगला राहतो. काकूंना हेच लावून दिलंय.

एवढं करून नाहीच जमलं आणि कोणाला विचारायची वेळ आली, तर 'इन्क्सी, डॅश कॅपिटल एफ, स्मॉल एक्स, स्मॉल झेड' याचं सगळं आउटपुट मजकूर म्हणून द्या, फोटो काढून नको. त्यातल्या झेडमुळे तुमचा आयपी आणि मॅक पत्ता लपवला जातो. सोबत वहीतली नोंद द्या, काय काय करून बघितलं आणि कोणत्या बदलानंतर काय झालं. आवाज नाही एवढंच लिहिलं तर समोरच्याला पहिल्यापासून सगळं विचारत यावं लागतं, आणि एप्लेचं उत्तर सुरुवातीलाच दिलं असेल तर तो थेट बरोबर मजल्यावर जाऊन शोधतो.